साडूंच्या पाठीवरची अक्षरं

जून महिन्यातला तिसरा शनिवार, सकाळचे साडेदहा. रक्कम दरमहा अठरा हजार रुपये मानधन, दहा महिन्यांसाठी, म्हणजे एकूण एक लाख ऐंशी हजार. हजर: आमच्या उल्हासनगरच्या कॉलेजच्या प्राचार्या मॅडम, विश्वस्तांच्या वतीने कॅम्प दोनमधले कापडाचे एक जुने व्यापारी, ज्यांना सगळं गाव साईं म्हणतं आणि जे सगळ्या गावाला साईं म्हणतात, जिमखान्याचे सर, आणि माजी विद्यार्थी संघाचा खजिनदार म्हणून मी. विषय: फुटबॉल संघाला नवा मुख्य प्रशिक्षक नेमणे. गैरहजर कोणी नाही. उलट एक माणूस जास्तच होता. मुलाखतीसाठी साडेअकराला बोलावलेले माझे थोरले साडू नऊ वाजताच येऊन बसले होते. बसले होते म्हणणंही चूक आहे. शिपायाबरोबर त्यांनी खोली उघडली, पंखे लावले, आम्हां चौघांपुढे पाण्याचे ग्लास भरून त्यांवर बशा झाकल्या आणि मग व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. ज्या समितीने त्यांना निवडायचं की नाही ते ठरवायचं होतं, तिच्या खुर्च्यांवरची धूळसुद्धा त्यांनीच झटकली होती.

दुसऱ्याच्या कामाला स्वतःच्या लग्नापेक्षा लवकर पोचणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. हे मी उगाच म्हणत नाही. साडूंच्या लग्नाचा मुहूर्त अकरा बावन्नचा होता आणि नवरदेव मांडवात बारा दहाला आले, कारण वाटेत बदलापूरला त्यांना रस्त्याकडेला फुटलेला पाइप दिसला. मुंडावळ्या खिशात घालून त्यांनी आधी तो पाइप बांधला. ही हकिगत मला सासरेबुवांनी सांगितली. माझं लग्न ठरवताना त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "तुम्ही नळाचं काम करत नाही ना?" मी म्हटलं, मी अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात हिशेबखात्यात आहे. त्यांनी मोठा सुस्कारा सोडला आणि चहा मागवला.

साडूंनी जांभूळच्या पाणी केंद्रात चौतीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवले. कुठल्या भागाला कधी पाणी सोडायचं, किती आटे उघडायचे, किती वाजता बंद करायचं, हे त्यांचं काम. ते त्यांनी इतक्या निष्ठेने केलं की पाणी त्यांच्या बोलण्यात, चालण्यात आणि जिभेत मुरलं. होय, जिभेत. घोटभर पाणी तोंडात घोळवून ते टाकी किती दिवसांत धुतली नाही ते सांगतात. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी शेजारच्या पाटावर असताना, त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "दिवाळीनंतर कोणी वर चढलेलं नाही." सेक्रेटरी भडकले. दुसऱ्या दिवशी टाकी उघडली तर आत एक चप्पल निघाली. डाव्या पायाची. उजव्या पायाची अजून सापडलेली नाही आणि तेव्हापासून साडू आमच्याकडे आले की घरून बाटली आणतात.

अशा माणसाला फुटबॉलचा नाद कोणी लावला, असं विचाराल तर गुन्हेगार मी आहे. मी त्याच कॉलेजचा विद्यार्थी आणि संघाचा राखीव गोलकीपर. तीन वर्षांत मी प्रत्यक्ष मैदानावर एकूण तेवीस मिनिटं होतो. एकोणीस वर्षांपूर्वी आम्हां माजी विद्यार्थ्यांचा एक सामना होता आणि साडू त्या दिवशी आमच्याकडे जेवायला आलेले, म्हणून त्यांना बरोबर घेऊन गेलो. त्याआधी त्यांनी फुटबॉलचा एकही सामना पाहिलेला नव्हता. चाळीस मिनिटं ते टचलाइनवर हात मागे बांधून उभे होते. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "अहो, तुमच्या डाव्या अंगाला लीकेज आहे." मला हसू आलं. पाच मिनिटांत डावीकडून गोल झाला. सात मिनिटांनी पुन्हा डावीकडून झाला. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी संपवून दुपारी चारला साडू कॉलेजच्या मैदानावर हजर, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांची तिथली गैरहजेरी मी बोटांवर मोजून सांगेन: सासूबाई गेल्या तेव्हा तीन दिवस, आणि ताईचं म्हणजे माझ्या मेहुणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा दीड दिवस. दीड का, तर ती शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "जा आता. इथे नुसती सलाईन बघत बसलाय."

साडूंना फुटबॉल पाण्यासारखा दिसतो. चेंडू म्हणजे पाणी, खेळाडू म्हणजे जोडण्या, समोरचा गोल म्हणजे शेवटचा नळ. "सगळं प्रेशर एकदम सोडायचं नाही," ते पोरांना सांगतात. "आधी अर्धा आटा. लाइन भरू द्या. मग अर्धा." चालू सामन्यात टचलाइनवरून त्यांचा "अर्धा आटा! अर्धा आटा!" असा आवाज आला की आमची पोरं बरोबर सावकाश पास द्यायला लागत आणि समोरचा संघ चक्रावून जाई. एका रेफरीने त्यांना बोलावून विचारलं होतं की हा कुठला गुप्त इशारा आहे. कॉर्नरचे झेंडे रोवायला ते व्हॉल्व्हची जुनी लोखंडी चावी वापरतात, छातीएवढ्या उंचीची, वर आडवी मूठ असलेली. जमीन कितीही कडक असो, दोन फेऱ्यांत भोक. बदलापूरच्या घरून मैदानावर येताना ही चावी स्कूटरला आडवी बांधलेली, दोन्ही बाजूंना चेंडूंच्या जाळ्या लटकलेल्या, मागे रेषा आखायच्या फक्कीची गोणी. एकदा हवालदाराने थांबवून विचारलं, "काय विकता?" साडू म्हणाले, "विकत नाही, शिकवतो." हवालदाराने त्यांच्याकडे, चावीकडे आणि गोणीकडे पाहिलं आणि सोडून दिलं. मला वाटतं त्याला घाबरायला झालं असावं.

पण शिकवतो हे ते फक्त हवालदाराला म्हणाले. कॉलेजच्या कागदावर ते 'मानद सहायक' होते. एकोणीस वर्षांत चार मुख्य प्रशिक्षक आले आणि गेले. कुणाला मुंबईत नोकरी लागली, कुणाला इथली धूळ सोसवेना. साडू चौघांचे सहायक. मैदान आखणं, चेंडूत हवा भरणं, मध्यंतराला लिंबू-मीठ-गुळाचं पाणी मोजून देणं, कुणाच्या घरी बाप आजारी आहे ते लक्षात ठेवणं, हे सगळं त्यांचं. निर्णय तेवढा दुसऱ्याचा. खेळाडू बदलायचा असला की साडूंना ते दहा मिनिटं आधी कळायचं. बदली पोराला ते बुटाच्या नाड्या बांधून तयार ठेवायचे आणि मग मुख्य प्रशिक्षकापुढे जाऊन किंचित वाकून विचारायचे, "सर, काढू का याला?" विचारल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला काढलं नाही. कल्याणच्या एका कॉलेजबरोबर उपान्त्य सामना होता, आणि तेव्हाचे सर मोबाइलवर बोलत होते. साडू सहा मिनिटं समोर उभे. मैदानात आमचा बॅक लंगडतोय, बदली पोरगा उड्या मारतोय, सर फोनवर, आणि साडू वाकलेले. त्याच लंगड्या पायाच्या बाजूने गोल झाला आणि आम्ही हरलो. मी भयंकर चिडलो. म्हटलं, "अहो, तुम्हीच काढायचा होता ना! एवढं कळत होतं तर!"

"काय ऑडिट," ते म्हणाले. ते मला ऑडिट म्हणतात. "व्हॉल्व्ह आपल्या हातात असतो. ऑर्डर आपल्या हातात नसते. चौतीस वर्षांत ऑर्डरशिवाय एक आटा फिरवला नाही मी."

तेव्हा त्यांची चौतीस वर्षं भरायची होती, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, "भरतीलच."

आणि तरी या माणसाला मुख्य प्रशिक्षक व्हायचं होतं. इतकं व्हायचं होतं की त्याबद्दल ते कधी बोलत नसत. मला ते दोन गोष्टींवरून कळलं. एक म्हणजे सामन्याआधी रेफरीला द्यायचा खेळाडूंच्या यादीचा कागद. तो साडू लिहायचे, छापल्यासारख्या अक्षरात. अकरा नावं, बदली खेळाडू, खाली डावीकडे सहायक प्रशिक्षकाची सही, उजवीकडे मुख्य प्रशिक्षकाची. स्वतःची सही ते अगदी बारीक करायचे आणि उजवीकडची रेघ मात्र पट्टीने, चांगली लांब, आखून ठेवायचे. एकदा मी पाहिलं, रेघ आखून झाल्यावर तिच्यावरून ते पेन हवेतच फिरवत होते. कागदाला न लावता. मी खोकलो तेव्हा त्यांनी पेनाला टोपण लावलं.

दुसरी गोष्ट ताईने दाखवली. अकरा वर्षांपूर्वी दुसरे प्रशिक्षक सोडून गेले तेव्हा कॉलेजात सगळे म्हणत होते की आता बहुतेक साडूंचाच नंबर. साडू त्याच संध्याकाळी कॅम्प दोनला गेले आणि एका कारखान्यात त्यांनी गडद निळं जॅकेट शिवायला टाकलं, पाठीवर पांढऱ्या धाग्याने भरतकाम: मुख्य प्रशिक्षक. नेमणुकीआधीच! मी ताईला म्हटलं, एवढी घाई कशाला केली त्यांनी? ती म्हणाली, "मी पण तेच विचारलं, भाऊजी. तर म्हणाले, पाणी पोचायला वेळ लागतो, व्हॉल्व्ह आधी फिरवावा लागतो." जॅकेट तयार झालं त्याच आठवड्यात अंधेरीहून तिसरे सर आले. साडूंनी त्यांना मैदान दाखवलं, चेंडू मोजून दिले. जॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात वरच्या फळीवर गेलं. दर दिवाळीला ताई कपाट आवरायला काढायची तेव्हा ते खाली यायचं, डांबरगोळी बदलून पुन्हा वर जायचं. अकरा दिवाळ्या. त्यांनी ते एकदाही अंगात घातलं नाही. ताई म्हणायची, "निदान मापाला तरी घाला." तर म्हणायचे, "माप बरोबर आहे."

यंदा चौथे सर गेले तेव्हा साडू एकसष्ट वर्षांचे होते. कॉलेजच्या नियमाप्रमाणे बासष्ट पूर्ण झालेल्या माणसाला नेमता येत नाही आणि साडूंना येत्या डिसेंबरात बासष्ट पुरी होतात. म्हणजे ही शेवटची वेळ. सात अर्ज आले. छाननीनंतर दोन उरले: साडूंचा आणि वनिताचा.

वनिता बारवी धरणाच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. सात वर्षांपूर्वी कॉलेजात आली तेव्हा मुलींचा संघ नव्हता. ती रोज कुंपणाबाहेर उभी राहून बघायची. साडूंनी चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी विचारलं, "पळता येतं?" ती म्हणाली, "काका, येरवी मी काय करते?" त्या दिवसापासून ती मुलांबरोबर सराव करू लागली आणि दोन महिन्यांत मुलं तिच्यामागे पळू लागली, चेंडू परत मिळवायला. पुढे तिने प्रशिक्षकाचा कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन मिळवलं. परीक्षेच्या दिवशी तिला स्कूटरवरून कोणी सोडलं ते सांगायला नको. चावी तेव्हाही बांधलेली होती. आणि या नेमणुकीचा तिचा अर्जही साडूंनीच लिहून दिला होता, त्याच छापल्यासारख्या अक्षरात. दोन्ही अर्ज त्यांनी एकाच दिवशी कार्यालयात दिले, तिचा वर आणि स्वतःचा खाली. प्राचार्या मॅडमना आधी वाटलं एकाच माणसाने दोनदा अर्ज केलाय.

बैठक सुरू होताच मी लेखी दिलं की एक उमेदवार माझे साडू आहेत, सबब मी मत देणार नाही. साईंनी कागद लांब धरून वाचला. "साडू मतलब?"

"बायकोच्या बहिणीचे यजमान," मी म्हणालो.

"अरे साईं, ये कोई रिश्तेदारी है? एक ही दुकान के दो ग्राहक. दे दो व्होट."

"नियमात बसत नाही," मी म्हणालो. मॅडम हसल्या, पण कागद त्यांनी फाइलला लावला. मग मुलाखती झाल्या. साईंचं मत साडूंना. "आदमी टाइम का पक्का है. एकोणीस साल में एक पैसा नहीं मांगा." मॅडमचं वनिताला. "लायसन आहे, वय आहे, आणि मुलं तिचं ऐकतात." जिमखान्याचे सर दोघांनाही मानणारे. ते म्हणाले, "मी मैदानावर बघून सांगतो. दुपारी चारला दोघांनी वीस-वीस मिनिटं सराव घ्यायचा." म्हणजे सगळं त्यांच्या एका मतावर आलं. माझ्याजवळही एक मत होतं आणि ते फाइलला टाचलेलं होतं.

चार वाजता मैदानावर आमच्यासाठी चार खुर्च्या मांडलेल्या होत्या. कोणी मांडल्या ते लिहीत नाही. रेषा ताज्या फक्कीच्या, चारही कोपऱ्यांवर झेंडे. पहिली वनिता. तिने पोरांचे दोन संघ केले आणि ती टोप्या मांडायला वाकली. प्लास्टिकच्या रंगीत टोप्या असतात, सरावासाठी जमिनीवर ठेवायच्या. तेवढ्यात साडू पुढे झाले. "तू बोल त्यांच्याशी, मी मांडतो." प्रतिस्पर्ध्याच्या परीक्षेत त्यांनी टोप्या मांडल्या, आणि तिने सांगितल्या त्याहून चांगल्या. वनिता कमी बोलली. एक पोरगा दोनदा उलट उत्तर देत होता. "मॅडम, पण मी तर फ्री होतो ना, यार!" तिने वर न बघता म्हटलं, "बाहेर. पाच मिनिटं." कुणालाही न विचारता. पोरगा बाहेर गेला.

मग साडू. त्यांनी शर्टाच्या बाह्या खाली केल्या, गुंड्या लावल्या आणि शिट्टी वाजवली. आणि खरं सांगतो, पुढच्या अकरा मिनिटांत मी त्या मैदानावर कधी पाहिला नव्हता असा फुटबॉल पाहिला. "लाइन भरा... भरली? आता अर्धा आटा... अर्धा... सोडा!" चेंडू या पायातून त्या पायात असा सरकत गेला की मधे कोणी आहे असं वाटेना. साईं खुर्चीवरून उठून उभे राहिले. जिमखान्याचे सर माझ्या कानाशी म्हणाले, "हा माणूस आजवर कुठे होता हो?" मी म्हणालो, "इथेच. तुमच्या मागे." मला वाटलं, झालं. यावेळी झालं.

त्याच वेळी बुवापाड्याचा आमचा बॅक, उंच आणि दणकट पोरगा, चेंडू अडवताना पाय मुरगळून बसला. उठला आणि लंगडत खेळू लागला. आमच्यापैकी कुणाच्या लक्षात येण्याआधी साडूंनी ते पाहिलं. बदली पोरगा नाड्या बांधून तयारच होता. आता फक्त बोट दाखवायचं होतं. साडूंनी बोट दाखवलं नाही. ते झपाझपा चालत टचलाइनकडे आले, आमच्या खुर्च्यांपुढून गेले, टोकाला वनिता उभी होती तिच्यासमोर थांबले, किंचित वाकले आणि म्हणाले,

"मॅडम, काढू का याला?"

वनिताचं सगळं लक्ष खेळात. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "काढा काका. आणि बसवू नका त्याला, वाईच चालता ठेवा."

"हो," म्हणून साडू वळले. चार पावलं गेले आणि थांबले.

पहिल्यांदा पोरं हसली. "ए, काका ने तो मॅडम बना दिया!" असं कोणीतरी ओरडलं. साईंनाही हसू आलं. मग वनिताने तोंडावर हात ठेवला, आणि तिचा चेहरा पाहून हसणं एकेक करत बंद झालं. साडू पाठमोरे उभे होते. पांढऱ्या शर्टाची ती पाठ मला अजून दिसते. मग त्यांनी लंगड्या पोराला बाहेर घेतलं, बदली आत पाठवला आणि उरलेली नऊ मिनिटं पूर्ण केली. वेळेआधी बंद करायची त्यांना सवय नव्हती. पण त्या नऊ मिनिटांत त्यांचा आवाज एकदाही आला नाही.

जिमखान्याचे सर काही वेळ बोटांनी खुर्चीचा हात वाजवत राहिले. मग म्हणाले, "वनिता." साईंनी मान हलवली. "क्या करें साईं. उसने खुद ही चुन लिया." मी इतिवृत्त लिहिलं: निवड, दोन विरुद्ध एक. एक सदस्य नात्यामुळे तटस्थ.

सांगायला मीच गेलो. साडू टोप्या गोळा करत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कळलं मला. बरोबर झालं. पोरीला कुणाला विचारावं लागत नाही." मग टोप्या मोजत मोजत, "काय ऑडिट, मत नाही दिलंत ना?"

"नाही. नातं आहे."

"बरं केलंत. तुमच्या मताने मिळालं असतं तर जन्मभर तुम्हाला चहा पाजत बसलो असतो." दोन टोप्या ठेवून पुन्हा, "दिलं असतंत तर कुणाला?"

मी खोटं बोलत नाही. "तुम्हाला," म्हटलं.

त्यांनी टोप्या पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. "एकवीस आहेत. बावीस पाहिजेत." आम्ही दोघे बराच वेळ एक टोपी शोधत राहिलो. ती साईंच्या खुर्चीखाली निघाली.

पुढच्या बुधवारी साडू माझ्याकडे आले. हातात ती प्लास्टिकची पिशवी. म्हणाले, कॅम्प दोनला जायचं आहे, चला. तिथे एका बोळात मशिनींच्या खडखडाटात बसलेल्या शिंप्यासमोर त्यांनी जॅकेट पसरलं आणि शेजारी वनिताची जुनी जर्सी ठेवली. "या मापात बसवा." शिंपी पाठीवर हात फिरवत म्हणाला, "अंकल, पुराना धागा है. निकाल के नया लिख देता हूँ, मशीन पे, दो मिनट का काम."

"अक्षरांना हात लावायचा नाही," साडू म्हणाले. "अंग तेवढं आत घ्या."

दोन दिवसांनी त्यांनी ते मैदानावर वनिताला दिलं. तिने उलगडून पाठ वाचली. किती वेळ वाचत होती ते मी मोजलं नाही. "काका, हे कधी शिवलंत?"

"परवा," साडू म्हणाले.

ओळख झाल्यापासून त्यांनी माझ्यादेखत सांगितलेली ही एकमेव चुकीची तारीख. चुकीची तारीख ऐकून मी गप्प बसलो असं माझ्याही बाबतीत याआधी कधी घडलं नव्हतं. जॅकेटवर घडीच्या जागी, अकरा वर्षांत, निळा रंग उडून एक फिकी रेघ उमटली होती. वनिताने त्या रेघेवरून अंगठा फिरवला आणि दुसरं काही विचारलं नाही. जॅकेट तिथेच अंगात घातलं. माप बरोबर होतं.

हंगामातला पहिला सामना अंबरनाथला होता. यादीचा कागद साडूंनीच लिहिला. डावीकडे बारीक सही, उजवीकडे लांब रेघ. वनिताने रेघेवर सही केली आणि ती जॅकेट घालून टचलाइनवर जाऊन उभी राहिली. साडू मागे बाकावर, मी त्यांच्या शेजारी. पहिली पंधरा मिनिटं ते चेंडूकडे बघतच नव्हते. मी विचारलं, "काय बघताय?"

"अक्षरं चांगली काढली होती हो त्या जुन्या कारागिराने," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "माझ्या अंगावर असतं तर मला कधी वाचता आलं नसतं. बरोबर ना, ऑडिट? पाठीवर असतं ते."

मी म्हणालो, बरोबर. थोड्या वेळाने ते उठले, एका पोराच्या नाड्या बांधल्या का ते बघायला.

आता शेवटचे आकडे. मुख्य प्रशिक्षकाचं पहिल्या महिन्याचं मानधन अठरा हजार रुपये, कुमारी वनिता यांना, धनादेशाने. सहायक प्रशिक्षक मानद, त्यांना काही नाही. जॅकेट आत घेण्याचे एकशे वीस रुपये, कॅम्प दोनच्या शिंप्याला, रोख, माझ्याकडून. त्याची पावती मी मागितली नाही.